सुचलेलं टिपून ठेवण्याबद्दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कथा लिहिते. अधूनमधून कॉलेजातल्या मुलांशी, नव्याने लिहू लागलेल्या मंडळींशी गप्पा मारायला जाते. तिथे कथेविषयी दोन प्रश्न येतात आणि वहीविषयी दहा. सुचलेलं कुठे लिहिता, कधी लिहिता, नंतर सापडतं का? उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदाची उतरवून काढली. ही माझी उत्तरं आहेत. दुसऱ्या एखाद्या लेखकाला विचारलंत तर तो यातली निम्मी खोडून काढेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

कल्पना चांगली असेल तर लक्षात राहतेच ना? लिहून कशाला ठेवायची?

हे म्हणणं अगदीच वेडगळ नाही. ढिगाने कादंबऱ्या लिहिणारे स्टीफन किंगसुद्धा कल्पनांची वही ठेवत नाहीत. वाईट कल्पना आपोआप गळून जातात आणि चांगल्या डोक्यात उरतात, असं त्यांचं मत आहे. कल्पनेपुरतं ते खरंही आहे.

पण गोष्ट नुसत्या कल्पनेवर उभी राहत नाही. आमच्या गावाकडे एका घरात वाटणी चालली होती. सगळी भांडी मोजून झाली आणि पाटा-वरवंट्यावर गाडी अडली. तेव्हा म्हातारी सासू धाकट्या सुनेला म्हणाली, "वरवंटा तू ने, पाटा मी ठेवते. मग बघू कोण चटणी वाटतं." वाटणीत पाटा-वरवंट्यावरून अडलं होतं, एवढं मला न लिहिताही जन्मभर आठवलं असतं. ते वाक्य मात्र संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसतं. त्याच्या जागी माझ्या डोक्याने 'आता काय ते वेगळं व्हा' असलं काहीतरी मालिकेतलं वाक्य बसवलं असतं. वाईट हे की चार दिवसांनी तेच खरं वाटायला लागतं. म्हातारी असंच म्हणाली होती, अशी मी शपथसुद्धा घेतली असती.

ज्ञानेश्वरांना लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते, रामदासांना कल्याणस्वामी. आपल्याकडे असं कोण आहे? सांगणारेही आपणच आणि उतरवून घेणारेही आपणच. फक्त ही दोन माणसं वेगळी आहेत हे आपण विसरतो. माझ्या मते सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मग नेमकं लिहायचं काय?

हा खरा प्रश्न. यावर थोडं ऐसपैस बोलते.

काही वर्षांपूर्वी मी एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी पन्नाशीची एक बाई होती. तिचा फोन वाजला. ती उठून जिन्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाबा झोपलेत आत्ता. तू पेपर नीट दे. उठले की लावून देते फोन." मग परत येऊन बसली, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि न खाताच पुन्हा लावलं.

मी मोबाईल काढून घाईघाईत लिहिलं: 'हॉस्पिटल. आई. मुलाशी खोटं. छान विषय.'

रात्री घरी आल्यावर झोप येईना, म्हणून तेच वहीत पुन्हा लिहिलं. ते टिपण जसंच्या तसं देते:

'बाबा झोपलेत आत्ता. उठले की लावून देते. (जिन्यापाशी जाऊन. आवाज एकदम रोजचा.) कडीचा डबा, झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला. एक निळी, एक चॉकलेटी. तिला माहीत नसावं. दुपारी सव्वातीन.'

सहा महिन्यांनी दोन्ही टिपणं शेजारी ठेवून पाहिली. पहिलं कुणीही, कुठेही, हॉस्पिटलात न जाताही लिहू शकलं असतं. तो नुसता विषय होता, आणि विषय काय, ढीगभर पडलेत. दुसऱ्या टिपणात ती बाई होती. पुढे त्यातून कथा झाली तेव्हा फोन आलाच नाही, मुलगा नाही, पेपर नाही. त्या दोन चपला तेवढ्या आल्या आणि पहाटे अंधारात घरातून निघालेली बाई आली. कुठला दाणा रुजेल हे टिपताना कळत नाही, म्हणून एकाऐवजी तीन-चार टिपायचे.

मला 'टिपणे' हा शब्द फार आवडतो. चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आपण डोळे टिपतो, कॅमेरा फोटो टिपतो. यातल्या कुणालाच सगळं उचलायचं नसतं. चिमणी कणीस घेऊन उडत नाही.

तर माझा साधा नियम असा. माणूस बोललं असेल तर त्याचे शब्द, व्याकरण न सुधारता. हाताने काहीतरी केलं असेल तर ते. आपल्याला दिसायला नको होतं असं काही दिसलं असेल तर ते आधी. जागा आणि वेळ शेवटी. आणि 'छान', 'भारी', 'यावर लिहिलंच पाहिजे' ही वाक्यं टिपणात आणायची नाहीत. माझ्या जुन्या वह्यांत 'जबरदस्त!' असा शेरा मारलेली किमान चाळीस टिपणं आहेत. काय जबरदस्त होतं ते लिहायचं राहून गेलंय.

२०११ च्या वहीत एका पानावर एवढंच आहे: 'पिवळी छत्री, मावशी, नाही!!!' तीन उद्गारचिन्हं, खाली दोन रेघा. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं, म्हणून लिहायची गरज वाटली नाही. आज ते वाचणारी बाई परकी आहे. तिला कोण मावशी, कसली छत्री, काय नाही, यातलं काहीही ठाऊक नाही. टिपण या परक्या बाईसाठी लिहायचं असतं.

वही कोणती घ्यावी?

स्वस्त. एवढंच उत्तर खरं तर पुरे.

मला एकदा कुणीतरी चामड्याच्या बांधणीची, जाड पिवळसर कागदाची वही भेट दिली. तिच्यात काहीही फालतू लिहायची हिंमतच होईना. चार वर्षं ती कोरी राहिली, शेवटी भिशीच्या हिशेबाला लागली. टिपणवहीत फालतू लिहिता आलंच पाहिजे. शाळेची शंभर पानी वही, किंवा खिशात मावेल अशी छोटी डायरी उत्तम. पाठकोरे कागद मधोमध कापून, कोपऱ्याला दोरा ओवून केलेलं बाड त्याहून उत्तम, कारण त्याच्याबद्दल कुणालाच आदर वाटत नाही. मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरते. कागद जाड असतो आणि मांडीवर ठेवून लिहिता येतं.

वही नीटनेटकी असली पाहिजे, हाही एक गैरसमज. ॲगाथा ख्रिस्तींच्या ७३ वह्या मागे राहिल्या आहेत. त्यांत खुनाचे कट आणि घरच्या कामाच्या याद्या शेजारी शेजारी आहेत. कित्येक ठिकाणी तारखा नाहीत, आणि एकाच कादंबरीची टिपणं वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेली आहेत. त्यांचं काही अडलं नाही.

पेन की पेन्सिल?

जे हाताशी असेल ते. पण कोकणात, पावसाळ्यात, छत्री काखेत धरून लिहायचं असेल तर पेन्सिल. शाईवर थेंब पडला की वाक्य गेलंच. पेन्सिलीचं काही होत नाही.

पेन्सिलीला कमी लेखणाऱ्यांना मी मंडालेची आठवण करून देते. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'चा खर्डा तिथल्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला तो पेन्सिलीने, पानं मोजून दिलेल्या वह्यांत. शाई मिळत नव्हती. ग्रंथ छापून निघाला १९१५ साली. मधली चार वर्षं ते पेन्सिलीचं अक्षर टिकून होतंच की.

मोबाईल असताना हा वही-पेनचा सोस कशाला?

सोस नाही. मीही निम्म्याहून जास्त टिपणं मोबाईलवरच करते. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसल्यावर वही कुठे काढणार? शिवाय वहीत लिहिणाऱ्या बाईकडे सगळा डबा बघतो, मोबाईलवर बोटं चालवणारीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. टिपणाऱ्याला यासारखी सोय नाही.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवता येतो. ती सोय यायच्या आधी आम्ही दोघींचा ग्रुप करून दुसरीला काढून टाकायचो. माझ्या मैत्रिणीला मी असं सहा वेळा काढलंय, आणि ती अजून बोलून दाखवते.

पण तीन गोष्टी अनुभवाने सांगते. पहिली, लिपी एकच ठेवा. घाईत आपण कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये तर 'चप्पल' तीन तऱ्हांनी लिहितो. मग दोन वर्षांनी शोधायला गेलं की तिन्हींतली एकही चप्पल पायात येत नाही. दुसरी, बोलून टाईप करण्याची सोय झकास आहे, पण ती बोली पुसून टाकते. नागपूरकडच्या एका आजींचं 'काहून' माझ्या फोनने 'कारण' करून ठेवलं होतं. त्या 'काहून'साठीच तर मी टिपत होते. असं वाक्य असेल तर सरळ आवाज रेकॉर्ड करा, आणि आजींचा नको, स्वतःचा: त्यांचं वाक्य आपण म्हणून. तिसरी, दुसरीकडे कुठेतरी प्रत ठेवा. माझा एक फोन रिक्षात राहिला तो राहिलाच. त्यात दोन वर्षांची टिपणं होती. प्रत ठेवायला पाच मिनिटं लागतात हे माहीत होतं, आणि ती पाच मिनिटं मी दोन वर्षं पुढे ढकलली होती.

रात्री अर्धवट झोपेत सुचतं. सकाळी काहीच आठवत नाही. काय करावं?

उशाशी कागद ठेवा हे सगळेच सांगतात. त्यापुढची गोष्ट कुणी सांगत नाही: झोपेत लिहिलेलं अक्षर सकाळी लागत नाही.

ऑटो लोवी या शास्त्रज्ञाची हकिगत मला यासाठी फार आवडते. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये, १९२० च्या सुमारास, एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. उठून चिठोऱ्यावर खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तर काही वाचताच येईना. अख्खा दिवस त्या कागदाकडे बघण्यात गेला. नशिबाने दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचलं. या वेळी ते कागदाच्या भानगडीत पडलेच नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं घेऊन त्यांनी दाखवलं की मज्जातंतूंचा निरोप हृदयापर्यंत रसायनामार्फत पोहोचतो. १९३६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आपल्याला दुसऱ्या रात्री पुन्हा सुचेलच याची खात्री नाही, आणि पहाटे तीनला जायला प्रयोगशाळाही नाही. म्हणून मी दिवा लावते. नवरा कुरकुरतो, चालायचंच. उठून बसून, चष्मा लावून, पूर्ण वाक्यात लिहायचं. 'समुद्र + आजोबा' असं नाही. 'आजोबा समुद्राकडे पाठ करून बसलेत, कारण...' आणि कारणसुद्धा. कारणासकट लिहिलं तर सकाळी ते बहुतेक वेळा भिकार निघतं, हेही आताच सांगून ठेवते. मध्यरात्रीच्या दहा टिपणांतलं एक कामाला येतं.

स्वयंपाक करताना, कपडे धुताना, गाडी चालवताना सुचतं. हात मोकळे नसतात तेव्हा?

गाडीवर असाल तर बाजूला घेऊन थांबा. कुठलंच वाक्य हाडं मोडण्याइतकं चांगलं नसतं.

बाकीच्यासाठी थोडं मागे जाते. आपल्याकडे हात अडकलेले असतानाच रचलं गेलेलं वाङ्मय काही थोडं नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईचा एक हात खुंट्यावर आणि दुसरा धान्याच्या सुपात. ती लिहिणार कशी? तिने ओवी केली. जात्याच्या फेऱ्याला धरून चालणारी ओळ विसरायलाच अवघड असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. सगळ्या डोक्यात होत्या.

पण डोक्याचा भरवसा किती धरायचा? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातलं आणि शेतातलं काम करता करता त्या रचायच्या, म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी जे ऐकून उतरवून घेतलं, ते वहीत राहिलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्या वहीतून पुस्तक झालं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज आपण जे म्हणतो ते सगळं त्या वहीतलं. ज्या दिवशी उतरवून घ्यायला कुणी जवळ नव्हतं, त्या दिवशीचं कुठे आहे? मला हा विचार कधीकधी जेवताना येतो आणि घास अडतो.

तर उपाय. हात पिठात असतील तर ओळ मोठ्याने तीनदा म्हणा. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा: "मला नंतर 'दोन चपला' म्हण." माझी मुलगी हे काम आठव्या वर्षापासून करते आहे. तिच्या शाळेत तिने सांगितलं होतं की आई विसरते म्हणून मला नोकरीला ठेवलंय. पूर्वी बायका पदराला गाठ मारायच्या, तीही चांगली युक्ती. फक्त गाठ कशाची मारली ते विसरतं. मी ओढणीला मारून पाहिली आणि संध्याकाळी गाठ सोडून ओढणी धुवायला टाकली.

कधीकधी जवळ काहीच नसणंही पथ्यावर पडतं. १९९० साली मँचेस्टरहून लंडनला निघालेल्या, उशीर झालेल्या गाडीत जे. के. रोलिंग यांना हॅरी पॉटर सुचला तेव्हा त्यांच्याकडे चालणारं पेन नव्हतं आणि कुणाकडे मागायची लाज वाटली. मग चार तास नुसता विचार केला. हे वाचून मी पर्समधलं पेन काढून ठेवून पाहिलं. दादर ते कल्याण मला फक्त भाजी काय करायची ते सुचलं.

टिपणं खूप झाली आहेत, वेळेवर एकही सापडत नाही.

हे दुखणं मोठमोठ्यांनाही असतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ सालापासून संस्कृतचा बृहत्कोश चालू आहे, डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलेला. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून, एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी करून, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमवल्या गेल्या. शब्द कुठला, कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी आला, हे त्या चिठ्ठीवर. पहिला भाग १९७६ साली निघाला आणि इतक्या वर्षांनीही कोश अजून 'अ'मध्येच आहे. टिपण करायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ते वापरायला लागतो, हे मला त्या कोशाने शिकवलं.

आणि चिठ्ठी हरवली तर? ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला खंड १८८८ साली निघाला तेव्हा 'दासी' या अर्थाचा एक शब्द राहूनच गेला होता. लोकांनी कष्टाने पाठवलेल्या त्याच्या चिठ्ठ्या कुठेतरी घसरून पडल्या होत्या. त्या सापडल्या तेव्हा छपाई होऊन गेली होती. शब्द कोशात आला तो १९३३ च्या पुरवणीत.

माझी पद्धत अगदी वाण्याच्या खतावणीसारखी आहे. वही सुरू करताना पानांना आकडे घालते. शेवटची दोन पानं मोकळी सोडते आणि तिथे एकेका शब्दाची नोंद करत जाते: 'चपला ४१', 'पाटा ६', 'काहून ५८'. विषय लिहीत नाही. 'मृत्यू', 'नातेसंबंध' असल्या नोंदी केल्या तर सगळी वहीच त्यात बसते. वस्तूंची नावं लिहायची.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा घेऊन, गेल्या महिन्याची टिपणं वाचते. हे न चुकता करते, आणि मला विचाराल तर हेच खरं काम, बाकी सगळी हमाली. वाचताना जे अजूनही टोचतं ते मोठ्या वहीत हाताने उतरवते. चाळीसातली चार-पाच निघतात. उतरवताना हात आपोआप काहीतरी बदलतो, एखादं वाक्य जास्तीचं येतं, आणि तिथेच कधीकधी गोष्ट सुरू होते. कंटाळा येऊन उतरवावंसं न वाटलेलं टिपण बहुधा वाचवण्यासारखं नसतंच.

निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या एकमेकींना क्रमांकाने जोडून ठेवल्या होत्या आणि त्यांतून ढीगभर पुस्तकं लिहिली. ती पद्धत आता मोबाईलच्या ॲपमध्येही मिळते. संशोधन करणाऱ्याने जरूर बघावी. कथा लिहिणाऱ्याने मात्र जपून. माझ्या ओळखीत दोघं जण गेली तीन वर्षं चिठ्ठ्या जोडतायत.

घरच्यांनी वाचलं तर?

वाचतात. सासूबाईंनी एकदा माझ्या वहीत स्वतःचंच वाक्य वाचलं आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी 'मेली' म्हणाले नव्हते, 'मेलं' म्हणाले होते." मी दुरुस्ती केली.

अगदीच धाकधूक असेल तर मोडी शिका. महिन्याभराच्या सरावाने लिहिता येते आणि आजकाल घरात कुणाला वाचता येत नाही.

दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेणं म्हणजे चोरी नाही का?

थोडी आहे. नाही म्हणणारे लेखक खोटं बोलतात.

मी स्वतःला दोन बंधनं घालून घेतली आहेत. टिपणात खरं नाव लिहीत नाही. गाव, जात, दवाखान्याचं नाव, मुलाची शाळा यातलं काहीच नाही. वही हरवली तर त्या माणसाला त्रास होता कामा नये. आणि कुणी विश्वासाने, दार लावून सांगितलेलं असेल तर ते टिपत नाही. चौकात, बसमध्ये, दुकानात बोललेलं टिपते. हॉस्पिटलातली ती बाई या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. ती माझ्यापासून दूर, जिन्यापाशी गेली होती. म्हणूनही असेल, तिचा फोन कथेत घ्यायला हात धजला नाही.

टिपून ठेवलं की लिहायची खुमखुमीच जाते, असं होतं का?

टिपण लांबलं तर होतं. दहा ओळींच्या पुढे गेलात की ते टिपण उरत नाही, वाईट कथा होते. आणि चहाच्या टपरीवर मित्रांना अख्खी गोष्ट रंगवून सांगितलीत तर नक्कीच जाते. वाहवा तिथेच मिळालेली असते, मग लिहायचं कशासाठी?

रोजनिशी आणि टिपणवही एकच ना?

नाही. रोजनिशीत मी असते, टिपणवहीत इतर माणसं. माझी रोजनिशी वाचून मलाच झोप येते.

जुन्या वह्यांचं काय करायचं?

रद्दीच्या गठ्ठ्यापासून लांब ठेवायच्या. घर बदलताना माझ्या दोन वह्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेल्या. रद्दीवाल्याने त्या किलोवर घेतल्या, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

मोठ्या ठिकाणीही वह्या हरवतात. चार्ल्स डार्विनच्या १८३७ च्या सुमाराच्या दोन छोट्या वह्या केंब्रिजच्या ग्रंथालयातून गायब झाल्या होत्या. त्यांतल्या एकीत जीवसृष्टीच्या झाडाचं ते प्रसिद्ध कच्चं चित्र आहे, आणि वर डार्विनच्या अक्षरात 'मला वाटतं' एवढेच दोन शब्द. त्या नाहीशा झाल्याचं २००१ साली लक्षात आलं, बरीच वर्षं चुकीच्या जागी ठेवल्या गेल्या असतील असंच धरलं गेलं, आणि मार्च २०२२ मध्ये कुणीतरी गुलाबी पिशवीत घालून त्या गुपचूप ग्रंथालयात ठेवून गेलं. सोबत ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा. मला डार्विनपेक्षा त्या पिशवीवाल्या माणसाची गोष्ट लिहावीशी वाटते. ४१ व्या पानावर नोंद आहे.

माझ्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कडुनिंबाचा पाला घालून. दिवाळी अंकांची मागणी यायला लागली की जूनमध्ये ती उघडते. बहुतेक वह्या आता संपल्यात जमा आहेत, जे निघायचं ते निघालं. पिवळ्या छत्रीचं पान तेवढं मी दर नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवते, अजून कळलेलं नाही म्हणून. मला तीन मावश्या. धाकट्या दोघींना विचारून झालं होतं. थोरली आता ब्याऐंशीची आहे. तिला परवा विचारलं. म्हणाली, "पिवळी छत्री? छे गं, माझ्याकडे कुठली?" मग सुपारी कातरता कातरता थांबली.

"होती का गं?"

हे लिहून घेतलंय. तारखेसकट.